द्राक्षारस संपत आलाय, कोणाच्या लक्षात आले?



गालीलातील काना गावच्या लग्नाची कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. लग्नाच्या मिस्सात तो उतारा आपण कितीतरी वेळा ऐकला आहे. पाण्याचा द्राक्षारस झाला, हा चमत्कार आपल्या लक्षात राहतो. पण त्याआधी घडलेल्या एका लहानशा गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते. द्राक्षारस संपला हे पवित्र मरियेने पाहिले आणि तिनेच ते येशूच्या कानावर घातले. ती तर पाहुणी! पण तिचे लक्ष त्या घराकडे होते. तिने पाहिलेच नसते, तर?

संसारातला द्राक्षारसही असाच संपतो. एका दिवसात नाही, थोडाथोडा. आणि तो संपत असताना आपण दोघे कुठे पाहत असतो? हातातल्या मोबाईलमध्ये!

रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. विरार लोकलचे धक्के खाऊन तो घरी आला आहे. एका हाताने जेवण चालू, दुसऱ्या हाताचा अंगठा स्क्रीनवर. ती म्हणते, "आज आईच्या पायाला सूज आलीय." तो म्हणतो, "हं." ती पुन्हा सांगते. "ऐकतोय ना!" मग ती बोलायची थांबते. ताटे उचलते, ओटा आवरते आणि आपला फोन घेऊन बसते. घरात भांडण झाले नाही, आवाज चढला नाही, शेजाऱ्यांना काही कळले नाही. पण द्राक्षारसाचा आणखी एक पेला कमी झाला.

हे दुःख सांगायचे तरी कोणाला? नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही, पगार घरी आणतो. मग माहेरी जाऊन काय सांगणार? "ते माझ्याकडे बघत नाहीत" असे म्हटले तर लोक हसतील. पुरुषांचीही हीच गत. दिवसभराचे मनातले बोलावे म्हणून तो जवळ बसतो, तर बायको व्हिडिओ पाहण्यात गुंग! असे एकटेपण वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसले जाते.

अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या जेम्स रॉबर्ट्स आणि मेरेडिथ डेव्हिड यांनी ४५३ प्रौढांची पाहणी करून २०१६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपण सोबत असताना जोडीदार फोनमध्ये गुंततो, असे ४६ टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितले. त्यामुळे आमच्यात कुरबुरी होतात, असे सुमारे २३ टक्के लोक म्हणाले. जिथे हे दुर्लक्ष जास्त, तिथे खटके जास्त आणि नात्यातले समाधान कमी, असे त्यांना आढळले. पाहणी अमेरिकेतली असली, तरी घर आपल्या ओळखीचे वाटते!

त्याच वर्षी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 'आमोरिस लेतित्सिया' या कुटुंबाविषयीच्या पत्रात नेमके हेच दुखणे मांडले. जेवणाच्या वेळी मोबाईलमध्ये दंग असलेले कुटुंब त्यात आहे. आणि जोडीदार तासन्‌तास यंत्राशी खेळत बसल्यामुळे वाट पाहता पाहता झोपी जाणारा दुसरा जोडीदारही आहे.

मग मोबाईल फेकून द्यायचा का? मुळीच नाही. ज्यांची माणसे आखातात किंवा जहाजावर आहेत, त्या घरांना विचारा. त्यांच्यासाठी फोन हा संसाराचा पूल आहे. हजारो मैलांवरच्या माणसाला तो जवळ आणतो, तर हाताच्या अंतरावरच्या माणसाला दूरही नेतो. आणि खरे सांगायचे तर, काही वेळा फोन हे मूळ दुखणे नसतेच. जे बोलणे आपल्याला जड जाते, ते टाळून आपण फोनमागे लपतो. म्हणून केवळ फोन बाजूला ठेवून भागणार नाही, तोंड उघडावे लागेल.

बहिऱ्या माणसाला बरे करताना प्रभू येशूने त्याला गर्दीतून एकीकडे नेले. त्याला पूर्ण वेळ दिला. आपण मात्र अख्खी गर्दी खिशात घालून घरी आणतो आणि तिला उशापाशी झोपवतो! सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारपणात सोबत राहीन, असे वचन आपण वेदीसमोर दिले. शरीराने शेजारी बसणे म्हणजे सोबत नव्हे.

या आठवड्यापुरते तीन निश्चय करू या. एक, जेवताना आणि रोझरीच्या वेळी सर्वांचे फोन दुसऱ्या खोलीत राहतील, आईवडिलांचे आधी. दोन, झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे नवराबायको एकमेकांना दिवस कसा गेला ते सांगतील, आणि एक बोलत असताना दुसरा मध्येच तोडणार नाही. तीन, तातडीचा फोन घ्यावाच लागला तर "जरा थांब, घेतो" असे सांगून घ्यावा आणि परत येऊन "हं, काय म्हणत होतीस?" असे विचारावे. या एका प्रश्नात किती माया आहे!

आज घरी गेल्यावर आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे नीट पाहा. काय कमी झाले आहे ते दिसेल. दिसले, तर मरियेप्रमाणे ते प्रभूला सांगा. कानात त्याने साधे पाणीच घेतले होते. आपल्याकडची पंधरा मिनिटेही त्याला पुरेशी आहेत.

हे प्रभू, आमच्या घरी पाहुणा म्हणून ये. आम्हाला एकमेकांकडे पाहणारे डोळे आणि एकमेकांचे ऐकणारे कान दे. आमेन.