शिलेदाराची वैरण

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. शिलेदाराचा मान मोठा. कारण तो कोणाच्या पागेतला नव्हता, आपल्या सामानासह आपल्या मर्जीने आलेला होता. परंतु या मानाला दुसरी एक बाजू होती. घोडा आपला, म्हणजे त्याची वैरणही आपलीच. मोहीम काही महिन्यांत संपते. घोडा मात्र बारा महिने खातो.

नोकरी न पत्करता स्वतंत्रपणे आपल्या कलेवर जगू पाहणारा नट, गायक, वादक, चित्रकार किंवा लेखक हा आजच्या काळातील शिलेदारच होय. अशा व्यवसायाला आता सर्रास ‘फ्रीलान्स’ म्हटले जाते. त्या शब्दाच्या पोटातही भालाच आहे. सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीत तो भाडोत्री भालाईतांच्या संदर्भात येतो. जो पैसे देईल त्याच्या बाजूने लढणारे हे लोक. शिलेदार आणि भाडोत्री भालाईत दिसायला सारखेच, दोघेही मोकळे. मग त्यांच्यात भेद कोणता? आणि मोकळे राहूनही दीर्घकाळ तग धरायचा असेल, तर त्याची जबाबदारी एकट्या स्वाराची की ज्यांच्यासाठी तो लढतो त्यांचीही? हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा आहे. तथापि मुळात तो नीतीचा आहे.

याचे उत्तर शोधण्यासाठी मुंबई-पुण्याकडे पाहण्याची आवश्यकता नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात ते पिढ्यान्‌पिढ्या प्रत्यक्ष जगले जात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात आणि येथील रंगभूमीला झाडीपट्टी रंगभूमी. दंडार, खडी गंमत अशा लोककलांच्या मातीत ती वाढली. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येते, मंडया भरू लागतात आणि तेव्हापासून होळीपर्यंत गावोगावी रात्र-रात्र नाटके रंगतात. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, नाटकाच्या निमित्ताने सोयरिकीही जुळतात. गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावरील वडसा, म्हणजेच देसाईगंज, ही या सर्व व्यवहाराची पेठ होय. नाट्यमंडळांची कार्यालये तेथे थाटलेली असतात. गावातील मंडळी तेथे जातात, नाटक पसंत करतात, तारीख ठरवतात, विसार देतात. मग गावी परतून मंडप उभारतात आणि तिकिटे विकतात.

या रंगभूमीवरील बहुतेक कलावंत पगारी नाहीत. त्यांचा मोबदला ‘नाईट’च्या हिशेबाने ठरतो. जितके प्रयोग, तितकी कमाई. होळीनंतर पडदा मिटतो. मृग बरसला की यांतील कितीतरी जण रोवणीच्या चिखलात उतरतात; काल ज्याने राजाची भूमिका केली, तो आज दुसऱ्याच्या बांधीत मजूर असतो. यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. संत पौलाने करिंथ नगरात अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्यासह तंबू शिवण्याचा व्यवसाय केला आणि त्याच हातांनी शुभवर्तमानही पोहोचवले. पुढे पोप दुसरे जॉन पॉल झालेला कारोल वोयतिवा हा तरुण नाझींच्या अमलाखालील पोलंडमध्ये दिवसा दगडाच्या खाणीत व नंतर रसायनांच्या कारखान्यात राबत असे आणि गुप्तपणे चालणाऱ्या नाटकमंडळीत भूमिका करीत असे. जोडधंदा हा कलेचा पराभव नव्हे. पुष्कळदा तीच तिची ढाल असते. ज्याच्या घरी पोटापुरते धान आहे, तो न पटणाऱ्या कामाला नकार देऊ शकतो.

गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या नावावर पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे आठशे भूमिका असल्याचे सांगण्यात आले. हा आकडा क्षणभर मनात घोळवून पाहावा. हंगामात शंभर प्रयोग धरले, तरी पाच हजारांना पन्नास हंगाम लागतात. एका रात्रीचे यश नशिबाने लाभू शकते, पन्नास हंगाम लाभत नाहीत. त्यासाठी देह, आवाज, सहकाऱ्यांचा विश्वास आणि गावांचा लोभ, सारे जपावे लागते. शिलेदाराचा घोडा तो हाच. ज्याने एका हंगामात त्याला तोंडात फेस येईपर्यंत पळवले, त्याच्याजवळ पुढच्या हंगामासाठी काय उरणार?

केवळ कीर्तीने वैरण मिळत नाही, हेही मराठी रंगभूमीने पाहिले आहे. बालगंधर्वांएवढे प्रेम फार थोड्या नटांच्या वाट्याला आले. १९१३ साली स्थापन झालेली त्यांची गंधर्व नाटक मंडळी उंची शालू, अत्तरे आणि भरजरी पडदे यांसाठी गाजली. पण त्या वैभवाखाली कर्ज वाढत गेले आणि त्याची झळ त्या थोर कलावंताला आयुष्यभर सोसावी लागली. त्यांच्या सुरांपुढे आपण नतमस्तकच आहोत. परंतु रसिकांचे प्रेम आणि घरची शाश्वती या भिन्न गोष्टी आहेत, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

पवित्र शास्त्रात याविषयी दोन कथा आहेत आणि त्या एकमेकींना छेद देतात असे वाटते. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तो रोजचा रोज. ज्यांनी लोभाने उद्यासाठी ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. याउलट मिसर देशात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरून ठेवला आणि दुष्काळात असंख्य लोक वाचले. मग साठवावे की न साठवावे? बारकाईने पाहिले, तर विरोध मावळतो. मान्ना साठवणाऱ्याचा देवावर भरवसा नव्हता. योसेफाने साठवले ते येणारा काळ ओळखून. शिवाय सहाव्या दिवशी शब्बाथासाठी दुप्पट मान्ना गोळा करण्याची आज्ञा होती आणि तो नासला नाही. ज्याला विश्रांतीचा काळ येणार हे ठाऊक आहे, त्याने त्यासाठी राखून ठेवणे हा अविश्वास नव्हे, शहाणपण आहे. होळीनंतर पडदा मिटणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याने दिवाळीच्या पहिल्या नाईटपासून पाचवा हिस्सा बाजूला ठेवावा. योसेफाचे हे माप आजही उपयोगी पडेल.

येथवर कलावंताचे कर्तव्य झाले. परंतु येथेच थांबलो, तर आपण त्याच्यावर अन्याय करू. काटकसरीचा उपदेश करून समाजाने हात झटकणे फार सोपे असते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, मंडप ओस पडले आणि पुढचा हंगामही विस्कटला. ज्याची मिळकतच रात्रीच्या हिशेबाची, त्याने कितीसे साठवले असणार? सात वर्षांचे कोठार भरायला आधी सात वर्षांचा सुकाळ लागतो.

जुन्या गावगाड्याने कारागिराच्या शाश्वतीचा प्रश्न बलुत्याने सोडवला होता. खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला असे. पण ती शाश्वती जातीला बांधलेली होती. काम नाकारण्याचा, बदलण्याचा, गाव सोडण्याचा अधिकार त्यात नव्हता. कनिष्ठ गावकी वतने नष्ट व्हावीत म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर झगडले आणि १९५८ च्या कायद्याने ती रद्द झाली, हे योग्यच झाले. गुलामी पत्करून मिळणारी भाकर नको. पण म्हणून भाकरीवाचूनचे स्वातंत्र्य पुरेसे आहे काय? आजचा कलावंत जणू या दोहोंच्या मधल्या पायवाटेवर उभा आहे. मोकळा आहे, पण खळ्यावर त्याचा वाटा नाही.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात एक मूलगामी विचार मांडला. मालक आणि मजूर यांची संमती झाली, एवढ्यानेच मजुरी न्याय्य ठरत नाही. त्या कराराच्याही वर निसर्गसिद्ध न्याय आहे आणि साधेपणाने राहणाऱ्या माणसाचे पोट त्या मजुरीत भरले पाहिजे. हे तत्त्व गिरणीला लागू आहे तसेच मंडपालाही. गरजवंत नट कमी पैशात तयार झाला, म्हणजे त्याची किंमत तेवढीच होती असे नव्हे. लेवीयाच्या ग्रंथात तर मजुराचे वेतन सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, अशी आज्ञा आहे. ज्या रंगभूमीचे प्रयोग पहाटेपर्यंत चालतात, तिच्यासाठी याहून समर्पक आज्ञा कोणती? तांबडे फुटताच कलावंताच्या हाती त्याची नाईट पडावी. ‘पुढच्या प्रयोगाला पाहू’ हे शब्द त्याला ऐकावे लागू नयेत.

प्रभू येशूचा द्राक्षमळ्याचा दृष्टांत आपण अनेकदा ऐकतो, पण तो रोजंदारीवरील माणसांचा दृष्टांत आहे हे विसरतो. दिवस मावळायला आला तरी बाजारात उभ्या असलेल्या मजुरांना धनी विचारतो, तुम्ही रिकामे का? ते सांगतात, आम्हांला कोणी काम दिलेच नाही. धनी त्यांना आळशी म्हणत नाही. तो त्यांना मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाचा दीनार देतो; कारण चूल अर्ध्या दीनारावर पेटत नाही. काम न मिळालेला कलावंत हा पुष्कळदा असाच अकराव्या तासापर्यंत बाजारात उभा असलेला मनुष्य असतो.

आता थोडे आपल्या स्वतःच्या अंगणाकडे वळू. कलावंतांशी ख्रिस्तसभेचे वर्तन नेहमीच उदार होते असे नाही. १६७३ साली फ्रेंच नाटककार व नट मोलिएर प्रयोगातच अत्यवस्थ झाला आणि त्याच रात्री मरण पावला. नटाचा पेशा न सोडता मेल्यामुळे त्याला ख्रिस्ती दफन नाकारले जात होते. राजाने मध्यस्थी केल्यावर रात्रीच्या अंधारात, विधीच्या थाटामाटाविना त्याला पुरण्यात आले. त्यानंतर सव्वातीनशे वर्षांनी, १९९९ च्या ईस्टरला, पोप दुसरे जॉन पॉल यांनी जगातील कलावंतांना आदरपूर्वक पत्र लिहिले. हे अंतर कापले गेले याचा आनंद आहे. परंतु आदराचे पत्र लिहिणे एक आणि योग्य मोबदला देणे दुसरे.

सणाच्या मिस्सेला ऑर्गन वाजवणारा, नाताळच्या गोठ्याची सजावट करणारा, स्मरणिकेचे मुखपृष्ठ रेखाटणारा तरुण यांच्याकडून आपण ‘सेवा’ म्हणून फुकट काम अपेक्षितो. मंडपवाल्याचे बिल चुकते होते, केटररचे होते; कलावंताला मात्र शाल व नारळ. संत पौल या बाबतीत मार्मिक आहे. करिंथकरांना तो आधी ठासून सांगतो की शुभवर्तमान सांगणाऱ्याला त्यावर उपजीविका करण्याचा हक्क आहे. आणि मगच म्हणतो की मी तो हक्क बजावला नाही. क्रम महत्त्वाचा आहे. हक्क मान्य झाल्यावरच त्याग हा त्याग ठरतो. ज्याला नाही म्हणण्याची मुभाच नाही, त्याच्याकडून घेतलेले दान हे दान नव्हे, ती वेठ आहे.

उलट कलावंतानेही एक पथ्य पाळले पाहिजे. तिकिटे खपावीत म्हणून कथेशी संबंध नसलेली अंगविक्षेपी नाचगाणी नाटकात घुसडली जातात, अशी तक्रार झाडीपट्टीत वारंवार ऐकू येते. ‘लोकांना हेच हवे’ हे त्याचे समर्थन. पण हेच लोक शेतकऱ्याच्या आत्महत्येवरील, दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारावरील नाटकेही रात्रभर जागून पाहतात आणि डोळे पुसतात. लोकांना काय हवे हे ठरवताना आपण त्यांच्या सर्वांत हलक्या क्षणावरून त्यांचे मोल करू नये. शिलेदार आणि भाडोत्री भालाईत यांतला भेद येथेच आहे. दोघेही मोकळे, परंतु भालाईताचे इमान मोहरेशी, शिलेदाराचे दिलेल्या शब्दाशी.

म्हणून मला वाटते, स्वतंत्र कलावंताचा व्यवसाय टिकतो तो शब्दावर. वडशाच्या कार्यालयात तारीख लिहिली जाते, तेव्हा गाव शब्द देते की मंडप उभा राहील. मंडळ शब्द देते की पडदा वेळेवर उघडेल. कलावंत शब्द देतो की ताप असला तरी मी येईन. यांतला एक शब्द मोडला की सारा हंगाम डळमळतो. मोकळेपणा म्हणजे कोणाचेच नसणे नव्हे. बळजबरीने नव्हे तर वचनाने अनेकांचे असणे, हाच त्याचा अर्थ.

सुज्ञ वाचकहो, आपल्या घरातील एखादा मुलगा वा मुलगी या मार्गाने जाऊ म्हणेल, तेव्हा त्याला ‘पोटाचे काय?’ असे अवश्य विचारा. प्रश्न रास्त आहे. त्याला योसेफाचे कोठार दाखवा, पौलाचा सुई-दोरा दाखवा. परंतु त्यानंतर तोच प्रश्न स्वतःलाही विचारा. कारण ज्यांच्या गाण्याने आपली रात्र उजळते, त्यांच्या घोड्याची वैरण काही अंशी आपल्याही शेतात उगवायची असते.