सामाईक वाफा

सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या माणसाला 'अलॉटमेंट' या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो. अर्ज करावा, ज्येष्ठतेच्या यादीत आपला क्रमांक कितवा हे दर महिन्याला पाहून यावे, आणि बदलीचा हुकूम निघण्याच्या सुमारास क्वार्टर हाती पडावे, असा तो अर्थ होय. त्यामुळे इंग्लंडात संसार थाटलेल्या माझ्या मुलीने जेव्हा दूरध्वनीवरून, "बाबा, आम्हांला अलॉटमेंट मिळाली," असे मोठ्या आनंदाने सांगितले, तेव्हा मी साहजिकच "खोल्या किती?" असे विचारले. तिला हसू आवरेना. तिकडे या शब्दाने भाजीपाला पिकविण्याकरिता नगरपालिकेने खंडाने दिलेला जमिनीचा तुकडा समजतात.

पुढे मी दोन महिने तिच्याकडे राहिलो, तेव्हा तो तुकडा पाहिला आणि त्याचा इतिहासही थोडा वाचला. गावोगावची सामाईक राने कुंपणे घालून जमीनदारांच्या मालकीची झाली, तेव्हा गरिबांना भरपाई म्हणून काही तुकडे राखून ठेवावेत, असा विचार पुढे आला. 1845 च्या कायद्याने अशा तुकड्याची मर्यादा पाव एकर ठरविली. 1908 च्या कायद्याने मागणी असेल तेथे असे तुकडे उपलब्ध करून देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. रूढ माप दहा रॉडचे, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. जमीन पडीक ठेवली तर नोटीस येते आणि ती काढून घेतली जाते. 1922 च्या कायद्यातील व्याख्या मला विशेष विचार करण्यासारखी वाटली. तीनुसार अशी बाग ही मुख्यतः कसणाऱ्याच्या स्वतःच्या व कुटुंबीयांच्या खाण्यासाठी असते. कायद्याने वर्तुळ आखले ते कुटुंबाभोवती. मित्र त्याच्या आत की बाहेर, याविषयी व्याख्या मौन पाळते.

माझ्या मुलीच्या जागेचा करार तिच्या एकटीच्या नावे आहे. पण जमीन कसतात चौघे जण, म्हणजे ती, जावई आणि मित्रांची दोन कुटुंबे. लाल फुलांच्या घेवड्याचे वेल, बटाटे, कांदे, एका कोपऱ्यात मोठ्या हौसेने लावलेली आपली मेथी, आणि सर्वत्र गोगलगायी! गेल्या सप्टेंबरात तिने मला विचारले, "बाबा, आमच्यातली एक मैत्रीण जुलैपासून एकदाही आली नाही. कारणही सांगत नाही. घेवडा मात्र टोपल्यांनी निघतोय. तिला तिचा वाटा द्यायचा की नाही?"

प्रश्न घेवड्याचा होता. पण मी त्याचे उत्तर तीस वर्षांपूर्वी एकदा दिलेले आहे, आणि ते चुकले होते, म्हणून या वेळी मला चटकन बोलता आले नाही.

1988 साली मी दिल्लीस एका सरकारी वसाहतीत राहत होतो. तळमजल्याचे क्वार्टर, मागे वीस फूट रुंद व तीस फूट लांब अशी मोकळी जागा. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांना जमीन नव्हती, मला होती. याला माझे कोणतेही कर्तृत्व कारण नव्हते. यादीतला क्रमांक एकाने पुढे सरकला असता तर मीही वर राहून इतरांच्या मेथीकडे पाहत बसलो असतो. दसऱ्याच्या सुमारास आम्ही चार घरांनी ती जागा सामाईक करावयाचे ठरविले. मी, यमुनेपलीकडे राहणारा माझा धाकटा भाऊ, वरच्या मजल्यावरील गढवाली गृहस्थ, आणि महाराष्ट्रमंडळात ओळख होऊन घरोब्याला आलेला माझा एक मित्र, असे ते चौघे. या मित्राने पहिल्याच रविवारी स्वखर्चाने टेम्पोभर शेणखत आणून टाकले. वाफे आखले, पाट काढले, पालक, मेथी, मुळा, गाजर, फुलकोबी, वाटाणा अशी यादी झाली. टोमॅटोचे बी 'पुसा रूबी' जातीचे होते. (पुसा हे गाव बिहारातले. 1934 च्या भूकंपात तेथील कृषिसंशोधन संस्थेची इमारत कोसळली आणि 1936 साली संस्था दिल्लीस आली. परंतु येताना तिने गावाचे नाव बरोबर आणले आणि बियाण्यांच्या पुड्यांवरही तेच चालू ठेवले. बदलीवर आलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकून बरे वाटते.)

पहिला हिवाळा आनंदात गेला. दिल्लीचा हिवाळा भाजीवर फार उदार असतो. जानेवारीत एखाद्या रात्री दहिवर गोठून टोमॅटोची पाने काळी पडतात, एवढेच काय ते दुःख. दुसऱ्या हिवाळ्यात माझा मित्र कामाला येईनासा झाला. रविवारी दहा वाजता खुरपणी संपली की तो पिशवी घेऊन येई, ओट्यावर बसे, चहा घेई, जगभराच्या गप्पा मारी आणि भाजी घेऊन जाई. मी कार्यालयीन सवयीने एक वही ठेवली होती. कोणी किती तास काम केले, कोणी किती पैसे घातले आणि कोणी काय नेले याचे तीत रकाने होते. डिसेंबरातील एका रविवारी मी ती वही त्याच्यापुढे ठेवली. थट्टेनेच ठेवली, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. त्याने ती नीट वाचली, पिशवीतली फुलकोबी काढून ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझं." त्यानंतर तो भाजीला आला नाही, आणि हळूहळू घरी येणेही थांबले.

त्याच्या न येण्यामागे काही गुप्त दुःख होते, ते मला मागाहून कळले आणि मी खजील झालो, असे लिहिता आले असते तर ही हकीगत अधिक शोभली असती. पण तसे काही कळले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तो आळशी होता. प्रश्न खरा अवघड होतो तो येथेच. दुःखी माणसाला वाटा द्यावा, हे सांगावयास नीतिशास्त्र लागत नाही. केवळ आळशी अशा मित्राला द्यावा काय?

माझ्या वहीच्या बाजूने बोलणारे साक्षीदार लहानसहान नव्हेत. ज्याने झाडेझुडपे तोडून जमीन साफ केली त्याचे शेत, असे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात लॉक या तत्त्वज्ञाने हेच सूत्र वेगळ्या रीतीने मांडले. मनुष्य आपले श्रम ज्या वस्तूत मिसळतो ती त्याची होते, असे त्याचे म्हणणे. मात्र त्याने दोन अटी घातल्या, आणि त्या बहुधा विसरल्या जातात. इतरांसाठी पुरेसे व तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे. आणि वापरण्याआधी जे कुजून जाईल, तेवढे आपल्या वाट्याचे नव्हे. ज्याने दुधी लावला आहे त्याला या दुसऱ्या अटीचा अर्थ पाठ्यपुस्तकाशिवाय कळतो. दुधी येऊ लागला की सर्वांच्या वेलांना एकदमच येतो, आणि मग माणसे दारोदार दुधी घेऊन हिंडतात. त्याला आपण औदार्य म्हणतो. वस्तुतः ते कुजण्याचे भय असते.

तथापि श्रमाच्या या न्यायाला माझ्या वाफ्यातच छेद जात होता. थंडीत गव्हाच्या शेतात उगवतो तो चाकवत आमच्याही वाफ्यांत आपोआप उगवे. दिल्लीकडे त्याला बथुआ म्हणतात. त्याचे बी कोणी पेरले नव्हते, पाणी त्याला म्हणून कोणी घातले नव्हते. पण ताकातल्या चाकवताची भाजी आम्ही सर्वांत आवडीने खात होतो. वहीत तो कोणाच्या नावे मांडावा? आणि वरच्या गढवाली गृहस्थांच्या मातोश्री, ज्यांना आम्ही सगळे अम्माजी म्हणत असू, त्यांचे काय? गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नव्हता. त्या दिवसभर गॅलरीत बसून मोकाट गायींना हाकलीत, वाटाण्यावरच्या पोपटांना उडवीत आणि वाफ्यात पाणी जास्त झाले की वरून ओरडून सांगत. माझ्या वहीत त्यांच्या नावे एक तासही नाही.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांत विश्वजित् नावाच्या यागाचा विचार आहे. त्यात यजमानाने सर्वस्वाचे दान करावयाचे असते. मग यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने पृथ्वीही दान करावी काय? उत्तर नकारार्थी आहे. कारण भूमी सर्वांना सारखीच आहे, आणि जे आपले एकट्याचे नाही ते देता येत नाही. भाष्यकार शबर पुढे म्हणतो, राजाचे अधिक काही असेल तर इतकेच, की तो पिकांचे रक्षण करतो म्हणून त्याला पिकातला भाग मिळतो. भूमी त्याची नव्हे. हे वाचताना मला राजाच्या ठिकाणी गॅलरीतल्या अम्माजीच दिसतात. शबराच्या न्यायाने त्यांचा वाटा माझ्याआधी निघावयास हवा होता.

आणि माझी चूक कोणत्या जातीची होती, हेही मला तेथेच उमगले. मी वहीत तास मांडले, हा दोष दुय्यम होता. जागा सरकारी, मिळाली यादीतल्या क्रमांकामुळे, आज ना उद्या सोडावयाची. असे असता ती मी 'दिली' आहे, अशी माझी मनोमन भावना होती. मी इतरांना सामाईक करून घेतले, पण दात्याचे आसन सोडले नाही. ज्याला दान मिळते त्याने कृतज्ञ असावे. निदान खुरपे हाती घेऊन तशी मुद्रा तरी करावी. माझा मित्र ओट्यावर बसून स्वतःच्या घरातली भाजी न्यावी तशी भाजी नेत होता, तेच मला सहन होईना. सामाईक वाफ्यात आभाराला जागा नसते. वाटणी आणि देणगी यांत हा भेद आहे. आणि देणगीपेक्षा वाटणी अवघड, कारण तीत आपला मोठेपणा कोणी मोजत नाही. माझी पत्नी त्या रात्री एवढेच म्हणाली होती, "भाजीचा हिशेब मांडलात, दर रविवारच्या गप्पा कुणाच्या नावे टाकल्यात?" मी ते बोलणे स्त्रीसुलभ म्हणून सोडून दिले. आज हा शब्द लिहितानाही लाज वाटते.

येथे कोणी द्राक्षमळ्याच्या दृष्टान्ताचे स्मरण देईल. बायबलातल्या त्या गोष्टीत पहाटे आलेल्या मजुरालाही एक नाणे आणि दिवस मावळताना आलेल्यालाही तेच एक नाणे मिळते. रस्किनने आपल्या ग्रंथाचे 'अंटु धिस लास्ट' हे नाव तेथूनच घेतले. 1904 साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत गांधीजींनी तो ग्रंथ वाचला आणि त्यातून फीनिक्सचा आश्रम उभा राहिला. तो दृष्टान्त थोर आहेच. पण आमच्या प्रकरणी तो पुरा लागू पडत नाही. त्यात मळ्याला मालक आहे, आणि पहाटेचे मजूर कुरकुरले तेव्हा 'माझे द्रव्य मी हवे तसे देईन' असे तो म्हणू शकतो. आमच्या वाफ्याला मालक नव्हता. पहाटेपासून राबणाऱ्याची कुरकुर ऐकून घेणारे कोणीच नसते, तेव्हा ती त्याने कोठे न्यावी? ही कुरकुर खोटी आहे असे मला आजही वाटत नाही. थंडीत पहाटे पाणी धरणाऱ्याच्या बोटांना जे कळते ते ओट्यावर बसणाऱ्याला कळत नाही. माझ्या भावाने पाच मैलांवरून सायकलने येऊन काम केले. त्याला आणि न येणाऱ्याला सारखेच, हे त्याला सांगणे माझ्या जिभेवर आले नसते. बहुधा असे बोलणे पिकाआधी, पेरणीच्या वेळी व्हावे लागते. भाजी तयार झाल्यावर काढलेला नियम कितीही न्याय्य असला तरी तो कोणावर तरी रोखलेला असतो.

1990 च्या नोव्हेंबरात माझी बदली झाली. वाटाणा नुकता फुलावर आला होता. क्वार्टर सोडताना पंखे किती, दिवे किती, खिडक्यांची तावदाने किती फुटली, याची यादी करून सही द्यावी लागते. फुलावर आलेल्या वाटाण्यासाठी तीत रकाना नसतो. अम्माजींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "जो नवा येईल त्याला सांगेन, पाणी कुठून सोडायचं ते." मित्र स्टेशनवर निरोपाला आला होता. आम्ही गाड्यांच्या वेळांविषयी बोललो.

हे सगळे मी मुलीला दूरध्वनीवर सांगितले. उत्तर म्हणून सांगितले नाही, कारण तिच्या मैत्रिणीला मी ओळखत नाही आणि त्यांचे पेरणीच्या वेळी काय बोलणे झाले होते तेही ठाऊक नाही. माझे बोलणे संपल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "म्हणजे मला सायकल शिकवणारे ते काका ना? ते यायचे बंद झाले, ते यामुळे?"

मी हो म्हटले.