घरफोडी म्हणजे नेमके काय?

२०२४ च्या फेब्रुवारीत टोरोंटोच्या इटोबिको भागात नागरिकांच्या सुरक्षिततेविषयी सभा भरली होती. तेथे एका पोलीस अधिकाऱ्याने सल्ला दिला की, मोटारीची किल्ली दाराजवळच ठेवा, म्हणजे मोटारीसाठी घरात शिरलेला चोर तुमच्या अंगावर येणार नाही. या सल्ल्यावर बरीच टीका झाली. हेतू चांगला असला तरी इतरही उपाय आहेत, असा खुलासा पोलीस खात्याला करावा लागला.

जिवापुढे मोटारीची काय किंमत? सल्ला व्यवहाराचा आहे. तरीही तो आपल्या मनाला का लागतो?

त्याचे उत्तर कायद्यातच आहे. कॅनडात मोटारचोरीला जास्तीत जास्त १० वर्षांची शिक्षा आहे. पण गुन्ह्याच्या इराद्याने राहते घर फोडून आत शिरल्यास जन्मठेपही होऊ शकते. दार उघडे राहिले असले, तरी हक्क नसताना त्यातून आत जाणे हे कायद्याने घर फोडणेच ठरते. म्हणजे मोडते ते केवळ कुलूप नव्हे. मोडते ती उंबरठ्याची मर्यादा.

कोकणातील आपल्या वाडवडिलांची दारे दिवसभर उघडी असत. पण उघडे दार हा शेजाऱ्यावरचा विश्वास होता, कोणीही यावे अशी परवानगी नव्हे.

तोरा तर याहून पुढे जाते. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात सावकाराला आज्ञा आहे की, गहाण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात जाऊ नये, बाहेर उभे राहावे. ज्याचे खरोखर येणे आहे, त्यालाही गरिबाचा उंबरठा ओलांडता येत नाही. मग चोराची काय कथा! पण निर्गमाच्या २२ व्या अध्यायात घरमालकालाही मर्यादा घातली आहे. घर फोडताना सापडलेला चोर मार लागून मेला तर दोष नाही. मात्र सूर्य उगवल्यावर मारले तर रक्ताचा दोष लागतो. घर पवित्र आहे, म्हणून चोराचा जीव कवडीमोल होत नाही.

तेव्हा मुलाबाळांसाठी किल्ली दाराशी ठेवावीशी वाटली, तर त्यात कमीपणा नाही. परंतु कोणाकडे घरफोडी झाली की आपण पहिल्यांदा विचारतो, "काय काय गेले? विमा होता ना?" विमा वस्तू भरून देतो, झोप भरून देत नाही. अशा वेळी त्या घरी एखादी रात्र सोबतीला जावे. जे खरोखर चोरीला गेले, ते थोडेफार परत देणे आपल्याच हाती आहे.