शनिवार तेल्यांची जहागीर

(शेलूबाजारच्या आठवडी बाजाराहून परतल्यावर ओसरीवर बसलेले दोघे : जुन्या वतनदार घराण्यातील आबासाहेब आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेले गुरुजी.)

आबासाहेब : गुरुजी, मध्ययुगातील ज्यूंपाशी गढ्या, घोडदळ आणि वंशपरंपरागत जमीन असती, तर 1290 मध्ये इंग्लंडच्या राजाला किंवा 1492 मध्ये स्पेनच्या राजाराणीला एका फर्मानासरशी त्यांना देशोधडीला लावता आले असते काय? राजाच्या खजिन्याची मालमत्ता म्हणून जगणाऱ्याला राजाची मर्जी फिरताच उठावे लागते. वतनदाराला उठवायचे तर फौज धाडावी लागते.

गुरुजी : तिकडे सरंजाम मिळवायचा तर स्वामिनिष्ठेची शपथ ख्रिस्ती पवित्र वस्तूंच्या साक्षीने घ्यावी लागे, म्हणून तो दरवाजा मुळातच बंद होता. तुमची कल्पना खरी शोभते ती आपल्या दख्खनेत. आपल्या वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला जन्माने कानडी हिंदू. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर 1626 मध्ये मरेपर्यंत निजामशाहीचा सूत्रधार. आणि ज्या कुलाब्याच्या किनाऱ्यावर सिद्द्यांनी जंजिरा बळकावून 1948 पर्यंत संस्थान राखले, त्याच किनाऱ्यावरच्या गावांतून बेने इस्राएल ज्यू शनिवारी बंद राहणारे तेलाचे घाणे चालवीत होते. समुद्रापलीकडून आल्याची आठवण दोघांचीही. एकाच्या हाती किल्ला आला, दुसऱ्याच्या हाती घाणा.

आबासाहेब : म्हणजे सनद मिळणे अशक्य नव्हते. मलबारात तर सुमारे 1000 साली राजा भास्कर रविवर्म्याने ज्यू पुढारी जोसेफ रब्बानला ताम्रपट देऊन 72 हक्क बहाल केले, त्यांत पालखी होती, छत्र होते.

गुरुजी : मिळाली असती, हे मी मान्य करतो. मिळाल्यावर काय, हा माझा प्रश्न आहे. ग्रानाडाचा ज्यू वजीर आणि सेनानी शमुवेल हा-नगिद पराक्रमी होता, कवीही होता. पण त्याच्या मागून वजिरीवर आलेल्या मुलाला 1066 मध्ये जमावाने ठार केले आणि नगरातील ज्यूंची कत्तल झाली. त्याहून जुनी गोष्ट अधिक बोचते. येमेनातील हिम्यरच्या धू नुवास या ज्यूधर्मी राजाने 523 च्या सुमारास नजरानच्या ख्रिस्ती लोकांचा संहार केला. पहिल्या कथेत सत्तेने वैर ओढवून घेतले. दुसरीत पीडित म्हणून ज्यांची आपल्याला ओळख, तेच पीडक झाले. उलट कोकणातल्या तेल्यांना शतकानुशतके कोणी छळले नाही; त्यांचे तंटे त्यांचे काजी मिटवीत, त्यांचे तरुण आंग्र्यांच्या आरमारात चाकरी करीत.

आबासाहेब : हे मला पटत नाही. छळ झाला नाही याचे श्रेय त्यांच्या निःशस्त्रपणाला देणे म्हणजे शेजारी भला निघाला म्हणून दाराला कडी नको असे म्हणणे होय. दुर्बळांच्या सद्गुणांची स्तुती करणे सबळांना नेहमीच स्वस्त पडते. आमच्या घराण्यातही रयतेच्या सोशिकपणाचे गोडवे गाइले जात.

गुरुजी : हा आक्षेप मला खोडता येत नाही. दुसऱ्याच्या कृपेवरची सुरक्षितता उसनी असते, हे खरेच; पण तुमची कडी ज्या लोखंडाची, ते कोणाच्या घरातून काढले याचाही हिशेब हवा. जहागीर हवेत नसते. तिच्याखाली कुणबी असतात, महार असतात, वेठबिगार असते. आता असा एक ज्यू जहागीरदार मंगरूळ परगण्यात कल्पून पाहा. त्याच्या धर्मशास्त्रात शनिवारची विश्रांती केवळ धन्याची नाही. दास, बैल आणि वेशीच्या आतला परका यांचीही आहे. त्याने शास्त्र पाळले, तर त्या दिवशी कोणाकडूनही वेठ घेता येणार नाही. न पाळले, तर तो तुमच्या-आमच्यासारखाच एक देशमुख.

आबासाहेब : पाळले तर शेजारचे वतनदार त्याला सुखाने जगू देतील काय? त्याची रयत शनिवारी झाडाखाली बसलेली पाहून आमच्या गावची कुळे काम टाकून त्याच्या वेशीवर उभी राहतील!

गुरुजी : तोच पेच मला सोडवता येईना. शिवाय आठवड्यातून एक दिवस नांगर थांबला, म्हणून एलिचपूरचा खजिना सारा कमी करणार नाही. ती तूट त्याने स्वतः सोसायची, की उरलेल्या सहा दिवसांत रयतेकडून भरून काढायची?

आबासाहेब : आमच्या आजोबांना विचाराल, तर त्यांनी सहा दिवसांत भरून काढली असती.