आधीं कोणाचें ताट?

संकटकाळीं कुटुंब एकदिल होतें, असें आपण सर्वजण मानतों. २०२० च्या मार्चमध्यें कोरोनाच्या सांथीमुळें देशभर टाळेबंदी झाली तेव्हां आमचीही समजूत तीच होती. सोलापुरांत यंत्रमाग थांबले, चादरी-टॉवेलांचे गठ्ठे जागच्या जागीं पडून राहिले आणि पूर्वभागांतील विडी-कामगार स्त्रियांचा पान-तंबाखू बंद झाला. आमच्या घरीं धुण्याभांड्यास येणारी बाईही उरल्या वेळांत विड्या वळणारी. तिच्याकडे आम्हीं ज्वारीचें एक पोतें पाठविलें व परोपकाराच्या समाधानांत स्वस्थ बसलों. कांहीं महिन्यांनीं ती कामावर परतली तेव्हां कडेवर दीड वर्षाचें मूल होतें, हातपाय काड्यांसारखे. "ज्वारी पुरली नाहीं काय?" आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "पुरली की सर, पण वाढणारी मी कुठं होते?"

मुलांची उपासमार म्हणजे धान्याचा तुटवडा, ही आमची सोपी उपपत्ति त्या उत्तरानें ढासळली. तुटवडा खोटा नव्हे. सांथीपूर्वींच, २०१९ सालीं, महाराष्ट्रांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पांच वर्षांखालील शंभर मुलांपैकीं सुमारें ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं होतीं. त्यांत मजुरी बुडाली. सरकारनें मात्र एप्रिल २०२० पासून गरीब कुटुंबांस माणशीं दरमहा ५ किलो धान्य फुकट दिलें. त्या हिशेबांत तान्हें मूल आणि कर्ता पुरुष सारखेच. (मुलाचें नांव शिधापत्रिकेवर चढलेलें असेल तर, हें ओघानेंच आलें.) अंगणवाड्या बंद झाल्या. तेथें तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या थेट तोंडीं पडणारा ऊन घांस गेला व त्याच्या जागीं घरीं कोरडा शिधा येऊं लागला. म्हणजे मुलाचा वांटा घरच्या समाईक पातेल्यांत गेला. आणि त्या पातेल्यावरील डाव कोणाच्या हातीं, हा प्रश्न कोणत्याही सरकारी हुकुमाच्या बाहेरचा होता.

आमच्या इकडे पुष्कळ घरांत आधीं पुरुष जेवतात, मग मुलगे, शेवटीं सून. याचें समर्थन असें कीं, जो राबतो त्यास बळ हवें. हें समर्थन अगदींच निर्बुद्ध नाहीं. परंतु टाळेबंदींत राबणारा घरीं बसला, तरी या घरांतील पंगतीचा क्रम बदलला नाहीं. शिवाय कितीतरी विडी-कामगार घरांत नेमानें चार पैसे आणणारी स्त्रीच असते. कमावणारास आधीं, हा नियम खरा असता तर तिचें ताट केव्हांच पहिलें मांडलें गेलें असतें. तेव्हां नियम मानाचा आहे. बळाचें कारण त्यास मागाहून जोडलेलें. शास्त्राचा आधार घ्यावा, तर याज्ञवल्क्यस्मृति सांगते कीं बालकें, वृद्ध, गर्भिणी व रोगी यांस आधीं जेवूं घालावें, मग अतिथि व सेवक, आणि उरलेलें पतिपत्नींनीं खावें. दोघांनींही! यांतील पतीचा भाग आम्हीं सोयीस्करपणें विसरलों.

बरें, सर्वांस सारखें वाढलें म्हणजे तरी न्याय झाला काय? दीड वर्षाच्या मुलाचें पोट वाटीएवढें. मोठ्यांप्रमाणें दोन वेळां जेवून त्याचें भागत नाहीं. त्यास दिवसांतून चार-पांच वेळां घट्टसर अन्न लागतें, त्यांत डाळ, तेल, दाण्याचें कूट, जमल्यास अंडें. पातळ आमटींत कुस्करलेल्या भाकरीनें पोट भरतें, अंग भरत नाहीं. आणि रडें थांबविण्यासाठीं चहांत बुडविलेलें बिस्किट तर भूकच मारतें. असलें कांहीं दिसलें कीं आम्ही शिकलेले लोक आईस अडाणी ठरवून मोकळे होतों. त्या बाईस हें सारें अंगणवाडीच्या सेविकेनें सांगितलेलें होतें. तिला तें पाठ होतें. सासूही दुष्ट नव्हती. तीस वर्षें ती स्वतः शेवटीं जेवली होती, आणि डाव हातीं आल्यावर तिनें शिकविलेल्या क्रमानेंच वाढलें.

त्या रात्रीं आम्ही जेवावयास बसलों. सांथीच्या सबंध काळांत आमचा पगार एकदांही चुकला नव्हता. ताट नेहमीप्रमाणें पहिलें आमचेंच होतें. सून ओट्याशीं उभी, नातू तिच्या पायांशीं घोटाळत होता. "आधीं त्याला वाढा," आम्हीं म्हटलें.

"तुमचें झालें कीं वाढतेंच आहे," आमची पत्नी म्हणाली. आणि भाकरी गरम होती म्हणून आम्ही जेवूं लागलों.