पाहिले किती, ऐकले किती

शके १९४४ चा गुढीपाडवा, म्हणजे २ एप्रिल २०२२. त्या दिवशी रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भात, खानदेशात आणि पलीकडे मध्य प्रदेशातही पुष्कळ लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या प्रकाशाच्या रांगा पाहिल्या. मी मात्र पाहिल्या नाहीत. चैत्री सप्ताहानिमित्त एका गावी मंडपात बसलो होतो. बाहेरून पोरे धावत आली, "महाराज, उल्का पडली! शेजारच्या शिवारात पडली!"

दुसऱ्या दिवशी कीर्तनात ती हकीकत मी अशी काही रंगवून सांगितली, की जणू माझ्या डोक्यावरूनच ती गेली. श्रोते खूष झाले. कीर्तन संपल्यावर एक म्हातारी माउली पाया पडली आणि म्हणाली, "महाराज, तुमी कुठून पाह्यली जी?"

वाचकहो, त्या एका प्रश्नाने मी निरुत्तर झालो.

लहानपणी गुरुजींपुढे बसून प्रत्यक्ष, अनुमान, शब्द ही प्रमाणे आम्ही घोकली. पण घोकणे निराळे आणि वेळेवर आठवणे निराळे. "प्रकाश दिसला" हे पोरांचे प्रत्यक्ष. "ती उल्का होती" हे अनुमान. "शेजारच्या शिवारात पडली" हेही अनुमानच. आणि मी सांगितले ते नुसते ऐकीव. तेही प्रत्यक्षाचा अंगरखा घालून! दोरीला साप म्हणणाऱ्याने निदान दोरी तरी पाहिलेली असते. माझ्यापाशी दोरीही नव्हती.

मग निघाले काय? चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी सुमारे दहा फूट व्यासाचे धातूचे कडे पडलेले सापडले. त्याच भागात धातूचे गोळेही मिळाले. आकाशातला दगड काही घडीव कडे होऊन पडत नाही. कोणी उल्का म्हटले, कोणी त्याच दिवशी सुटलेल्या दुसऱ्याच एका अग्निबाणाचे नाव घेतले. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले की, फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या चांग झेंग ३बी या अग्निबाणाचा तिसरा टप्पा परत वातावरणात शिरून जळाला असावा. तो खाली येण्याची अपेक्षित वेळ आणि त्याची वाट, दोन्ही लोकांनी पाहिलेल्याशी जुळत होत्या.

खरे म्हणजे पाहणाऱ्यांना नीट विचारले असते, तर त्याच रात्री शंका यायला हवी होती. उल्का सेकंदाला ११ पासून ७२ किलोमीटरपर्यंत वेगाने येते आणि बहुधा चार-दोन सेकंदांत विझते. पृथ्वीभोवती फिरणारे यंत्र खाली येते ते सेकंदाला सुमारे ८ किलोमीटरने, आडवे, तुकडे होत होत, सगळे एका रांगेने. ते पुष्कळ वेळ दिसत राहते. म्हणून विचारायचे ते एवढेच : बाबा, तू कोठे उभा होतास? कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला गेले? क्षितिजापासून किती मुठी वर होते? किती वेळ दिसले? आवाज आला का, आला तर किती वेळाने? दोन दूरच्या गावांची उत्तरे जुळवली की वाट सापडते. एरवी शंभर कोसांवरचा प्रकाशही प्रत्येकाला पलीकडच्या टेकडीमागेच पडल्यासारखा भासतो. तो खोटे बोलत नाही. डोळाच अंतर सांगत नाही.

आता कोणी म्हणेल, "महाराज, असे खोदून विचारणे म्हणजे गरीब माणसावर अविश्वासच की!" हा पूर्वपक्ष झाला. त्याचे उत्तर फ्रान्स देशात मिळते. २६ एप्रिल १८०३ रोजी दुपारी तिकडे लेग्ल गावाजवळ मोठा गडगडाट होऊन आकाशातून दोन-तीन हजार दगड पडले. आकाशातून दगड पडतात ही खेडवळांची भ्रामक समजूत, असे त्या काळी युरोपातले पुष्कळ विद्वान मानीत. सरकारने ज्याँ-बातीस्त बियो नावाच्या २९ वर्षांच्या शास्त्रज्ञाला चौकशीस पाठवले. त्याने आधी दूरच्या गावी विचारले, मग जवळच्या; निरनिराळ्या धंद्यांची, एकमेकांशी संगनमत नसलेली माणसे गाठली; दगड जेथे जेथे पडले ती जागा मोजली; तसले दगड त्या मुलखात पूर्वी नव्हते हे पाहिले. आणि निष्कर्ष काय? खेडूत खरे होते, विद्वान चुकले होते!

एतावता, पडताळा म्हणजे अविश्वास नव्हे. साक्षीदाराचा तो सन्मान आहे. न विचारता "खोटे" म्हणणारा आणि न विचारता "खरे" म्हणणारा, दोघांनीही त्याचे ऐकून घेतलेले नसते.

अजून एक शंका उरते, आणि तीच मला बोचली. समजा, ती खरोखरच उल्का असती. मग मी खरा ठरलो असतो काय? नाही. बातमी खरी ठरली असती, मी नव्हे. न पाहिलेले पाहिल्यासारखे सांगितले, तेव्हाच असत्य घडले. पुढे आकाशातून दगड निघो की कडे. आज हातातल्या मोबाईलवर बोट टेकले की बातमी शंभर घरी जाते. "मी पाहिले", "मला अमक्याने सांगितले" आणि "मला वाटते" ही तीन वाक्ये तेवढी वेगळी ठेवली, तरी पुष्कळ खोटे जागच्या जागी थांबेल.

सप्ताह संपायच्या आत मी त्याच मंडपात उभा राहून सांगितले, "परवाचे मी पाहिले नव्हते. ऐकलेले होते." मान जाईल अशी धास्ती होती. ती म्हातारी पुढेच बसली होती. तिने मान हलवली आणि म्हणाली, "आता पुढचं सांगा."