काडी, कागद आणि कारण

घटस्फोट हा शब्द आज ज्या अर्थाने रूढ आहे, तो त्याचा मूळ अर्थ नव्हे. धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणजे पतिताला बाहेर टाकण्याचा विधी. माणूस जिवंत असतानाच त्याच्या नावाने पाण्याचा घडा पायाने लवंडायचा, सुतक पाळायचे. मग आप्तांच्या लेखी तो मेला. नवराबायकोच्या भांडणाशी त्याचे काही नाते नव्हते. ते नंतर जोडले गेले, आणि लग्न मोडणाऱ्याकडे समाज कोणत्या नजरेने पाहत होता हे त्यातून आपसूक उघड झाले.

त्याआधी या गोष्टीला मराठीत साधे शब्द होते: काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत. काडीमोडीत पंचांसमोर वाळकी काडी मोडायची, की संबंध तुटला. फारकत हा तर हिशेबातला शब्द; देणेघेणे मिटल्याचा कागद म्हणजे फारखत, तीच भाषा संसारालाही लागू झाली. शेतकरी, कारागीर आणि कष्टकरी जातींत ही रीत सर्रास होती. सुटलेल्या किंवा विधवा बाईला पुन्हा घर करता येई. त्या लग्नाला पाट किंवा म्होतूर म्हणत. पहिल्या लग्नाचा थाट त्याला नसे. बहुधा रात्री, चार माणसांत ते उरके, आणि पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च पुष्कळदा नव्या नवऱ्याला भरून द्यावा लागे. म्हणजे घटस्फोट हे पाश्चात्त्य शिक्षणाचे फळ, हा समज मूठभर जातींपुरताच खरा आहे. अर्थात या रिवाजाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. पंच पुरुष असत, दंड ते ठरवत, आणि बाईला सुटका मिळणार की नाही हे त्यांच्या मर्जीवर असे.

ग्रंथांतही एकवाक्यता नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परस्पर द्वेषामुळे विभक्त होण्याला ‘मोक्ष’ म्हटले आहे, मात्र धर्म्य मानलेल्या चार विवाहांना ही सवलत नाही. वरच्या जातींनी लग्न हा न तुटणारा संस्कार मानला, आणि इंग्रजी न्यायालयांनी ‘हिंदू कायदा’ म्हणून मुख्यतः तोच उचलला. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने निवाडा दिला की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची मुभा देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. पंचांच्या मनमानीला त्याने आळा बसला असेल; पण जिने पंचांच्या शब्दावर पाट लावला, तिच्यावर पहिला नवरा जिवंत असताना दुसरे लग्न केल्याचा आरोप येऊ लागला.

रखमाबाईंचा खटला याच काळातला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे मुंबईत वाढल्या. त्यांच्या आईचा हा दुसरा विवाह. त्यांच्या जातीत त्याला मनाई नव्हती. १८८४ साली पती दादाजी भिकाजी यांनी त्यांना नांदायला पाठवावे म्हणून दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर फेरसुनावणी होऊन मार्च १८८७ मध्ये उलट हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. ‘केसरी’ त्यांच्या विरोधात, सुधारक त्यांच्या बाजूने, असे रान पेटले. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी काम केले. गंमत अशी की नांदण्याचा हक्क बजावून घेण्याचा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून आला होता. परंपरेच्या नावाने लढली गेलेली ही लढाई उसन्या हत्याराने लढली गेली.

कायद्याने वाट मोकळी करण्यात संस्थाने पुढे राहिली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली काडीमोडीसंबंधी कायदा केला. बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला. मुंबई प्रांताचा कायदा १९४७ चा. गोव्याची गोष्ट निराळी. पोर्तुगालात १९१० साली प्रजासत्ताक आले, त्याच वर्षी घटस्फोटाचा कायदा झाला, आणि त्यात परस्पर संमतीचीही सोय होती. देशपातळीवर हिंदू कोड बिल रखडले. १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले त्यामागे हे एक मोठे कारण होते. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अस्तित्वात आला. रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरात वारल्या.

या कायद्यात सुटका होती, पण दोष सिद्ध केल्यावर. क्रूरता हे सुरुवातीला केवळ विभक्त राहण्याच्या हुकुमाचे कारण होते, घटस्फोटाचे नव्हे. १९७५ च्या दास्ताने खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पत्नीची वागणूक क्रूर ठरवली, तरी नंतर दोघे एकत्र राहिले, म्हणजे पतीने क्षमा केली, असे म्हणून त्याला दाद नाकारली. घरातला प्रत्येक प्रसंग पुरावा होऊ लागला: कोण काय बोलले, कोण कोणत्या खोलीत झोपले. १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता घटस्फोटाचे कारण झाली आणि संमतीने सुटण्याची तरतूदही आली. पंचांपुढे काडी मोडताना जेवढे पुरे असे, तेवढ्यापर्यंत पोचायला कायद्याला बराच वळसा पडला.

मधल्या काळात मोठा गट कोणत्याच खात्यात बसत नव्हता. नवऱ्याने टाकलेल्या बायका ना नांदत होत्या, ना सुटल्या होत्या. गावात त्यांना ‘टाकलेली’ म्हणत. चळवळीने ‘परित्यक्ता’ हा शब्द रुळवला. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, आणि पोटगी, रेशनकार्ड, डोक्यावर छप्पर हे प्रश्न उघडपणे मांडले गेले. २०११ च्या जनगणनेतही देशात विभक्त राहणारे घटस्फोटितांच्या दुपटीहून अधिक निघाले. न्यायालयाच्या निकालांवरून मोडलेल्या संसारांची मोजदाद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. माहेरच्या घरात अशा मुलीला राहण्याचा हक्क होता, वाटणी मागण्याचा नव्हता. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा वाटा दिला, देशाने २००५ साली. तोही प्रत्यक्षात मागायला गेले तर भाऊ तुटतो ही भीती कायम आहे.

१९८९ पासून पुणे आणि मुंबईत कुटुंब न्यायालये सुरू झाली. तिथे आधी समुपदेशकाकडे बसावे लागते. आईवडिलांतील एकाला मुलाची भेट तिथल्याच खोलीत, ठरलेल्या वेळेत घडते. खेळणी मांडलेली असतात, आणि दुसरा पालक बाहेर बाकावर घड्याळ पाहत बसतो. संमतीच्या अर्जाला बोलीभाषेत सरळ ‘म्युच्युअल’ म्हणतात. त्यातली सहा महिन्यांची वाट सक्तीची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये संसार कायमचा मोडला असेल तर घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली आपण थेट घटस्फोट देऊ शकतो, असेही ठरवले. मात्र हा अधिकार त्या एका न्यायालयापुरता.

काडीमोड मात्र संपलेली नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीने मिळणारा घटस्फोट शाबूत ठेवला आहे. फरक इतका की काडीच्या जागी स्टॅम्प पेपर आला. दोन्हीकडच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, आणि वर ‘सोडचिठ्ठी’ असे शीर्षक. पुढे दुसरे लग्न, पेन्शन किंवा वारसाचा प्रश्न आला की हा कागद बाहेर निघतो, आणि न्यायालय विचारते: अशी रूढी तुमच्या जातीत होती, हे सिद्ध करा.